विटांच्या भिंतीवरील कोटिंगखाली लोणा साचून विटा झडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीच्या माणसांनी आमच्या बागेतल्या उघड्या विटांच्या भिंतीला पारदर्शक जलरोधक कोटिंग मारून दिले. भिंत खराब होऊ लागल्याचे कळवले, तर “लोणा हा विटांचा दोष आहे, आमच्या उत्पादनाचा नाही” असे एका ओळीचे उत्तर आले. ते मला मान्य नाही.

लोणा कोटिंगमुळे आला, असे मी म्हटलेलेच नाही. विटेच्या मातीत, सिमेंटमध्ये, वाळूत सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे क्षार असू शकतात. पाण्यात विरघळून ते बाहेर येतात, पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी मागे उरते, तोच लोणा. दिसायला वाईट, पण कोरड्या दिवसांत ताठ ब्रशने झाडली की बरीचशी निघते. आपल्या कोटिंगने ही बाहेर पडायची वाटच बंद केली. जे क्षार पृष्ठभागावर फुटायचे, ते आता विटेच्या आत फुटत आहेत. स्फटिक वाढताना त्यांचा दाब येतो आणि विटेचा दर्शनी थर सुटतो.

कोटिंग दुधाळ झाले आहे. त्याचा सुटलेला कोपरा नखाने उचलला, तर मागे विटेचा लाल पापुद्रा चिकटून येतो. त्याखाली बारीक मिठासारखी भुकटी असते आणि उरलेली वीट बोटाने चोळली तरी तिचा भुगा पडतो. याच भिंतीचा एक भाग अवजारांच्या कपाटामागे होता, तिथे आपल्या माणसांचा हात पोहोचला नाही. विटा त्याच, गवंडी तोच, पाऊस तोच. तिथे लोणा येतो, झाडला जातो, पण विटांच्या कडा आजही धारदार आहेत. दोन्ही भागांचे फोटो सोबत जोडले आहेत. दोष विटांचाच असेल, तर हा फरक कसा पडला ते कळवावे.

कामाच्या पद्धतीबद्दलही बोलायला हवे. आपल्याच माहितीपत्रकात “पृष्ठभाग पूर्ण कोरडा असावा” असे लिहिले आहे. प्रत्यक्षात कोरड्या भिंतीवर थेट ॲसिड ओतले, पाइपने घाईघाईत पाणी मारले आणि दुसऱ्याच दिवशी कोटिंग चढवले. कोरडी वीट ॲसिड आत ओढून घेते, म्हणून भिंत आधी पाण्याने भिजवायची असते आणि नंतर भरपूर धुवायची असते. मिठाचे ॲसिड दरजांमधले सिमेंट खाते आणि त्यातून कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे आणखी एक विरघळणारा क्षार, तयार होतो. एवढे सगळे आत ठेवून ओली भिंत बंद केली गेली. भिंतीमागे फुलांच्या वाफ्याची माती टेकलेली आहे, वरच्या थराला कोपिंग (पाणी आत मुरू न देणारे माथ्यावरचे झाकण) नाही. यातले काहीच कोणी पाहिले नाही. पाणी मागून आणि वरून येत असताना पुढून दार लावून काय साधणार?

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर “अजून एक हात मारून देतो” असे सुचवले. यावर हसावे की रडावे ते कळेना.

कोटिंग आपल्या खर्चाने, विटांना इजा न करणाऱ्या रिमूव्हरने काढून द्यावे. सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) चालणार नाही, त्याने विटेचा भाजलेला कठीण थरच निघून जातो. झडलेल्या विटा बदलून दरजा पुन्हा भरून द्याव्यात. वापरलेल्या कोटिंगमधून वाफ किती बाहेर पडू शकते, याचा चाचणी अहवाल लेखी द्यावा. नवे कोटिंग सध्या नकोच. भिंत वाळून लोणा थांबल्यावर गरज वाटलीच, तर वाफ जाऊ देणारे सिलेन-सिलोक्सेन प्रकारचे घेण्याचा विचार करू. आणि डब्यावरचे “लोणा कायमचा बंद” हे वाक्य आपण काढावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपला ग्राहक

सोबत : पावतीची व माहितीपत्रकाची प्रत, फोटो, सुटलेल्या पापुद्र्याचा नमुना