तुम्ही बुटात हात घातलात, आबा

आबा, राम राम.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. आधी आबांना खाटेवर बसव आणि मगच वाचायला घे, असं मी तिला सांगून ठेवलंय. त्या दिवशी आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही ‘हां हां’ करत उठून बैलांना पाणी दाखवायला निघून गेलात. समोरासमोर तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून आता चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, “नावाचं काय करशाल, ताई?”

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं भुसावळहून रावेर तालुक्यातल्या पाल गावी गेलो. मुलांना सातपुडा दाखवायचा होता. यावल अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. १९६९ पासूनचं अभयारण्य आहे ते, आणि नियम योग्यच आहे. म्हणून एका कॅम्पवाल्यामार्फत गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याच्या शेतात तंबू घेतला. ‘सुरक्षित कौटुंबिक कॅम्पिंग, रात्रभर माणूस सोबत.’ पैसे आगाऊ. माणूस संध्याकाळी आला, तंबू ठोकला, शेकोटीला लाकडं टाकली आणि ‘जेवून येतो’ म्हणून गेला तो गेलाच.

आम्हाला भीती होती बिबट्याची. मुलांच्या बाबांनी दोन टॉर्च, शिट्टी, मिरचीपूड, सगळा जामानिमा केला होता. अस्वलाला कसं हुसकावायचं याचे व्हिडिओ आठवडाभर बघून झाले होते. बूट कुठे काढायचे, याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

आणि तुम्ही तर सांगितलं होतं. दिवेलागणीला तुम्ही बांधावरून आलात, तंबूकडे पाहिलंत आणि म्हणालात, “बांधाजवळ नका लावू. तठी दगड हायेत, बाजूले कडबा हाये.” एवढंच. मी हसून ‘हो हो’ म्हटलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला त्याच्या शेताची काळजी पडलीय. आबा, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय. शेत तर तुमचं नव्हतंच. तुमचं खोपटं पलीकडच्या मळ्यात.

पहाटे साडेचारला माझा सात वर्षांचा मुलगा लघवीला उठला. बूट तंबूच्या बाहेर होते. त्यानं डावा पाय घातला आणि जो ओरडला, तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

मग आम्ही शहाण्या माणसांनी काय काय केलं ते ऐका. ह्यांनी रुमाल काढून पोटरीला करकचून बांधला. मी कांदा शोधायला डबे उपसले, कारण माझ्या आजीनं कधीतरी कांदा चोळला होता. रुग्णवाहिकेसाठी फोन लावला, तर त्याआधीच त्यावर ‘मध्यप्रदेशात आपले स्वागत आहे’ असा संदेश येऊन पडलेला. उचलणारा माणूस पलीकडच्या राज्यातला. “कौन सा जिला? कौन सी तहसील?” मी ‘जळगाव’ म्हणतेय, ‘रावेर’ म्हणतेय, त्याच्या यादीत रावेर नाही. त्याच्यावर माझा राग नाही, बिचारा तीन वेळा ‘मैडम, घबराइए मत’ म्हणाला. पण सीमा म्हणजे काय ते मला त्या पहाटे कळलं. डोंगरावर तिची खूणही दिसत नाही. तुमच्या लेकी खरगोनकडे दिलेल्या, तिकडच्या सुना तुमच्या पाड्यात आलेल्या, बाजार दोन्हीकडचा. सीमा सापडली ती फक्त माझ्या फोनमध्ये.

कॅम्पवाल्याला सोळा वेळा फोन केला. त्याचं उत्तर सकाळी दहाला आलं. हात जोडल्याचं चित्र, आणि खाली ‘कृपया आम्हाला पाच तारे द्या’.

तुम्ही कधी आलात ते मला आठवत नाही. बॅटरीचा पिवळा उजेड आला आणि पाठोपाठ तुम्ही, अंगावर घोंगडी, पायात काही नाही. आधी रुमाल सोडवलात. “आवळू नका. त्याले चालू देऊ नका.” मग बूट उलटा करून काडीनं ठोकलात. आतून विंचू पडला. दोन बोटांएवढा, तांबूस, पुढचे चिमटे बारीक. मला वाटलं, एवढासाच? हायसंच वाटलं मला. तुमचा चेहरा मात्र बदलला. “लाल हाये. इंगळी असती तर कळ भोगून सुटला असता. थांबू नका.”

तुम्ही कमरेची तंबाखूची डबी काढली, तंबाखू तिथंच मातीत ओतली आणि मेलेला विंचू डबीत टाकला. मुलाला पाठीवर घेतलंत. गाडी नाल्याच्या पलीकडे लावलेली, मैलभर तरी अंतर असेल. सत्तरीचा माणूस गोट्यांतून, पाण्यातून, पाठीवर वीस किलोचं पोर घेऊन. हे मागून म्हणत होते, “आबा, मी घेतो.” तुम्ही मागे वळलासुद्धा नाहीत. लेकीला तुमच्या घरच्या आजींनी तोवर खोपटात नेलं होतं. तेही मला नंतर कळलं. आई म्हणून सांगायला लाज वाटते, पण त्या पाऊण तासात मला मुलगी आहे हेच मी विसरले होते.

वाटेतल्या पहिल्या दवाखान्याबद्दल मी फार लिहिणार नाही. दिवा चालू होता. खिडकीच्या फटीतून एकानं विचारलं, काय झालं. सांगितल्यावर म्हणाला, “डॉक्टर नाहीत, पुढं न्या.” दार उघडलं नाही. गाडीत मुलगा घामानं निथळत होता, दोनदा उलटी झाली होती, हात बर्फासारखे पडले होते. त्या माणसानं दोन पावलं बाहेर येऊन नुसतं पाहिलं असतं, तरी मी आज त्याला माफ केलं असतं. मी भांडायला उतरणार होते. तुम्ही म्हणालात, “ताई, भांडण मंग. चला.”

दुसऱ्या ठिकाणी रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होती. कॉलेजातली वाटावी एवढी. तिचा पहिला प्रश्न, “लाल की काळा?” आणि तुम्ही डबी उघडून टेबलावर ठेवलीत. ती डबीकडे पाहतच राहिली. मग हात भराभर चालायला लागले.

तिनं नंतर समजावलं ते इथं लिहून ठेवते, कारण आमच्यासारखे अजून पुष्कळ जण डोंगरात जातील. नुसती जीवघेणी कळ असेल, तर धोका त्या मानानं कमी. दरदरून घाम, उलट्या आणि गार पडणारे हातपाय दिसले, की विष हृदयापर्यंत पोचायला लागलंय असं समजायचं. कळ कमी झाली म्हणून खूश व्हायचं नाही. बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे तर मुळीच जायचं नाही. तिनं दिलेली गोळी रक्तदाबाची होती, प्राझोसिन. विंचवाच्या विषावर ती चालते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, कोकणातल्या एका साध्या गावात रुग्णांच्या उशाशी रात्री जागून. त्याआधी लाल विंचू गंभीर चढला की शंभरातली तीस-चाळीस माणसं जायची. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी ती बातमी वाचली होती, आणि पान उलटलं होतं.

दीड दिवस मुलगा देखरेखीखाली होता. तुम्ही सकाळी आठपर्यंत पायरीवर बसून होतात. आत या म्हटलं तर “पाय मातीचे हायेत” म्हणालात. तेव्हा मी खाली पाहिलं. माझेही पाय उघडेच होते, आणि घोट्यापर्यंत चिखल.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीला आणि सामानाला न्यायला आम्ही परत आलो. माझी खात्री होती, आता तुम्ही म्हणणार, “सांगितलं होतं ना?” मी त्याचं उत्तरसुद्धा तयार करून आणलं होतं. तंबू झटकून, घडी घालून खोपटाच्या ओट्यावर. डबे घासलेले. लेक आजींच्या मांडीवर बसून भाकरी खात होती, आणि घरी भाकरीला नाक मुरडणारी ती पोर ठेचाही मागत होती. आणि कुंपणाच्या सहा काठ्यांवर आमचे सहा बूट पालथे टांगलेले. माझे दोन, तिचे दोन, त्याचे दोन. उन्हात, ओळीनं.

मुलगा गाडीतून उतरेचना. त्याला बूट दिसले होते. मी म्हटलं, नवे घेऊ. हे म्हणाले, मोठा झालास ना तू, घाबरतोस काय. आम्ही दोघंही त्याच्याशी वरूनच बोलत होतो. तुम्ही काठीवरून डावा बूट काढलात. तोच. त्याच्यासमोर उकिडवे बसलात. आणि आपला हात बुटात घातलात. नुसता घातला नाही, पार पुढं, बोटांच्या टोकापर्यंत, आणि आत सगळीकडे फिरवलात. सावकाश. त्याच्या डोळ्यांत बघत. मग हात बाहेर काढून पाचही बोटं उघडून दाखवलीत.

“पाह्य भाऊ, काहीच नही. घाल आता.”

त्यानं घातला. तुमच्या खांद्याला धरून, एका पायावर उभं राहून.

आबा, तुम्ही त्याला पाठीवर नेलंत त्याचं ऋण मोठं आहे, ते मला कळतं. पण रात्री डोळे मिटले की मला तो हातच दिसतो. धीर धर, शूर हो, असं त्याला सांगणारे आम्ही पुष्कळ होतो. त्याची भीती खरी आहे हे मान्य करून तिच्यात आधी आपला हात घालणारे एकटे तुम्ही. मी पंधरा वर्षं शाळेत शिकवते. मुलांना समजून घेण्यावर किती प्रशिक्षणं झाली, किती प्रमाणपत्रं फायलीत लावली. त्यातलं एकही त्या वेळी माझ्या उपयोगी पडलं नाही.

आणि ‘सांगितलं होतं ना’ तुम्ही म्हणालाच नाहीत. मी वाट पाहत होते. निघताना शेवटी मीच म्हटलं, “आबा, तुमचं ऐकलं नाही आम्ही.” तुम्ही म्हणालात, “लोके कुठी ऐकतत?” आणि हसलात, समोरचे दोन दात नसलेले.

माणुसकी उरली नाही असं आमच्याकडे शिक्षकांच्या खोलीत रोज कोणीतरी म्हणतं, चहाबरोबर. मीही म्हणायचे. आता हा विषय निघाला की मी गप्प बसते. त्या खिडकीच्या फटीतला माणूस आठवतो आणि त्याच गाडीत मागच्या सीटवर माझ्या मुलाचे तळवे चोळत बसलेले तुम्हीही आठवता. दोघंही एकाच रस्त्यावरचे, आठ-दहा मैलांच्या अंतरात.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. ह्यांनी खिशात कोंबायचा प्रयत्न केला तेव्हा रागावलात, म्हणून तो विषय परत काढत नाही. मुलगा बरा आहे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, तरी रोज शाळेत जाताना बूट उलटे करून फरशीवर ठोकतो, आधी स्वतःचे, मग बहिणीचे. खालच्या काकू विचारायला वर आल्या होत्या, सकाळी सकाळी काय ठोकता म्हणून. त्यांना सगळी गोष्ट सांगितली. आता त्याही बागेतल्या चपला झटकून घालतात.

होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजाराला आम्ही येतोय. तंबू आणणार नाही, आजींनी खोपटात झोपायचं कबूल केलंय. तुमच्या बॅटरीला सेल घेतलेत. आणि तुमची तंबाखूची डबी त्या डॉक्टरबाईंनी विंचवासकट ठेवून घेतली, नव्या मुलांना दाखवायला, म्हणून तुमच्यासाठी दुसरी पाहतेय. तसली पितळी, वर मोर असलेली, भुसावळच्या बाजारात कुठे मिळाली नाही. स्टीलची मिळालीय. झाकण जरा घट्ट बसतं. चालेल ना?