केक चालतो, मग चहातलं दूध का नाही?

सोलापूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "डॉक्टरांसमोर दूध घातलेला केक खाल्ला, काही झालं नाही. मग चहात चमचाभर दूध पडलं तर काय बिघडतं?" घाईत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून लिहिते. प्रश्न अगदी नेमका आहे. तुला दुधाची ॲलर्जी आहे आणि होस्टेलवर तुझ्या ताटात काय पडतंय ते बघायला मी नाही, तेव्हा हे तुला नीट कळलेलं असावं.

तुझ्या शरीराला दूध म्हणून काही कळत नाही. त्याला कळतात दुधातली प्रथिनं, आणि त्यांचेही ठरावीक तुकडे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत साधारण 80 टक्के केसीन असतं. दूध फाटल्यावर फडक्यात राहतं ते मुख्यतः हेच. बाकीची प्रथिनं पाण्यात विरघळलेली असतात. त्यात सर्वांत जास्त बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, जे आईच्या दुधात तयारच होत नाही. पण आईनं खाल्लेलं थोडंफार तिच्या दुधात उतरतं, म्हणून तू अंगावर पीत होतीस तेव्हा मीही दूध-दही बंद केलं होतं.

रोज पोटात येणारं अन्न निरुपद्रवी आहे हे बहुतेकांच्या टी पेशी, म्हणजे शरीराच्या रक्षक पेशींतला एक प्रकार, शिकतात आणि बाकीच्या पेशींना आवरतात. तुझ्याकडे उलट झालं. टी पेशींनी बी पेशी या दुसऱ्या रक्षक पेशींना आयजीई नावाचं प्रतिपिंड, म्हणजे परक्या पदार्थाला धरणारं प्रथिन, बनवायला लावलं. आमच्या लॅबमध्ये मोजतो तेच. 1966 साली इशिझाका या शास्त्रज्ञ पतिपत्नींनी ते ओळखलं. मला या दोघांबद्दल फार आदर आहे. रक्तात ते नावापुरतं असतं. त्वचेत, आतड्याच्या अस्तरात, श्वासमार्गात मास्ट पेशी असतात, त्यांच्यावर ते चिकटून बसतं. दुधाचं प्रथिन आलं आणि शेजारच्या दोन आयजीईंनी त्याच रेणूला दोन जागी धरलं, की ती पेशी काही मिनिटांत सूज आणि खाज आणणारं हिस्टामिन सोडते. डॉक्टरांनी हातावर दुधाचा थेंब ठेवून टोचलं, 15 मिनिटांत मध्ये पांढरट, कडेनं लाल अशी गांधी उठली, ती यानंच.

आता केक. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा रेणू विशिष्ट घड्या पडून तयार झालेला असतो आणि बरेच आयजीई त्या घड्यांचा आकार ओळखतात. आपल्या चादरीवरचा मोर विणीमुळे दिसतो ना? वीण उसवली तर धागे तेच, पण मोर राहत नाही. ओव्हनची उष्णता तेच करते. शिवाय मैद्यातली प्रथिनं दुधाच्या प्रथिनांना गुंतवून ठेवतात, त्यामुळे आयजीईच्या हाती कमी लागतं. म्हणून दुधाची ॲलर्जी असलेल्या 10 पैकी साधारण 7 मुलांना असं भाजलेलं दूध सोसतं.

केसीनचं तसं नाही. त्याला मुळात पक्की घडीच नाही. तिथं पुष्कळ आयजीई अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्यांचा, सरळ क्रमच ओळखतात आणि तो क्रम उकळून मोडत नाही. ज्यांचं आयजीई असे तुकडे ओळखतं, त्यांची ॲलर्जी जास्त वर्षं टिकते. तुझ्या रिपोर्टात केसीनचा आकडा दर खेपेला उतरतोय, याचा मला किती आनंद आहे म्हणून सांगू! पण उतरतोय, संपलेला नाही.

तो केक 180 अंशांवर अर्धा तास भाजलेला होता. चहा दोन मिनिटं उकळतो आणि त्यात मैदा नसतो. पेढा, बासुंदी कितीही आटवलेली असो, केसीन शाबूत असतं. बिस्किटाच्या मधल्या क्रीममधली दूध पावडर तर भाजलेलीही नसते. तुपातसुद्धा प्रथिनांचा अंश राहू शकतो.

लोक प्रेमानं सुचवतील. शेळीचं घे, आपल्या पंढरपुरी म्हशीचं घे, ए-टू नावाचं गाईचं दूध घे. शेळी-म्हशीचं केसीन गाईच्या केसीनशी इतकं मिळतंजुळतं असतं की तुझं आयजीई फरक करणार नाही. ए-टूमध्ये एका केसीनच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल वेगळं असतं. लॅक्टोज नसलेलं दूधही नको. लॅक्टोज ही साखर आहे, ती न पचणं हा निराळा त्रास, आणि त्या दुधात प्रथिनं सगळी असतात. मेसच्या मावशींना "दूध पचत नाही" असं सांगू नकोस, "ॲलर्जी आहे, श्वास अडकू शकतो" असंच सांग.

खोलीतल्या मैत्रिणीलाही सांगून ठेव: घसा आवळला, आवाज बसला, दम लागला किंवा चक्कर आली तर गोळी घेऊन वाट बघायची नाही. मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आणि तडक हॉस्पिटल. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटव.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा पुन्हा टोचून बघायचं ठरलंय. त्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस ते डॉक्टरांना विचारून कळवते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पार्सलनं पाठवलीय, मिळाली की फोन कर.

तुझी,
आई