बाबू, झोपतोस ना रे?

प्रिय बाबू,

पोचल्याचा मेसेज मिळाला, एका ओळीचा. चवथीला पाच दिवस राहतो म्हणून आलास आणि दुसऱ्याच दिवशी बॅग उचललीस, विसर्जनापर्यंत बाबा गेट वाजलं की बाहेर बघायचे. लेक्चर देणार नाही, ठरवलंय मी. पण रात्री झोपतोस ना? दोन वाजता ओसरीवर फोनचा उजेड दिसला मला.

तू भाईला म्हणालास ना, या घाट्यांनी गोवा खाल्ला, तेव्हा वहिनी माझ्याजवळ बसून पातोळ्या करत होती. कोल्हापूरची पोर, सात वर्षं झाली घरात येऊन. तिचा हात थांबला, मग त्याच हळदीच्या पानावर ती पीठ पसरतच राहिली, कडेने बाहेर आलं तरी. बोलली काहीच नाही.

जमिनी विकल्या जातायत त्याचा राग मलाही येतो रे, त्यावर जरूर बोल, तू चांगलं बोलतोस. पण हा राग तो नव्हे. पुण्यात तुझ्या मराठीला हसतात, गोव्याचा म्हटलं की दारूचंच विचारतात, प्रमोशनही दुसऱ्याला गेलं. कोणाला सांगत नाहीस, रात्रभर तेच दळण दळतोस आणि इथे येऊन भलत्याच माणसावर काढतोस.

आपल्या घराने हे भोगलंय. १९६७ चा ओपिनियन पोल, गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा याचा. आजोबा फुलाचे, म्हणजे महाराष्ट्रात जाण्याचे, धाकटे आजोबा दोन पानांचे, वेगळं राहण्याचे. ३४ हजार मतांनी पानं जिंकली, गोवा वेगळा राहिला, तिथे संपायला हवं होतं ना? तर आठ वर्षं एका घरात गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या दोन माटोळ्या. आजी म्हणायची, फूल-पान निमित्त होतं, धाकटे पणजीला पोर्तुगीज शिकले आणि आजोबा मराठी चौथीतून उठून दुकानात बसले, भाऊ आपल्याला अडाणी समजतो हे त्यांच्या मनाने घेतलं. भाऊ तसं कधी म्हणालाच नव्हता.

आणि मी काय वेगळी? ८६ च्या भाषेच्या आंदोलनात मी आठवीत, आमचं घर मराठीवाल्यांचं, बाकावरची मैत्रीण कोंकणीवाल्यांची. दोघी घरी कोंकणीच बोलायचो, आरत्या दोघी मराठीत म्हणायचो, तरी मला वाटायचं ती मागून मला हसते. ८७ च्या फेब्रुवारीत कायदा झाला, कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली, पण मी तिच्याशी दहावीपर्यंत बोलले नाही. अजून लागतं ते मनाला.

बघ, झालंच लेक्चर. माफ कर हां पुता. तू पहिल्यांदा एकटा पुण्याच्या बसमध्ये चढलास तेव्हा अख्ख्या वाड्यावर सांगत फिरले होते मी, आणि घरी येऊन तुझ्या खोलीत रडले होते.

पण झोप मात्र सांभाळ. फोन उशाशी नको, उठून पाणी पी, नाहीतर मला लाव, कितीही वाजू देत.

नेवऱ्यांचा डबा आजच्या रात्रीच्या बसला दिलाय, सकाळी सहाला उतरून घे. वहिनीने भरलाय.

तुझी आई