'पोस्ट – बघू'

प्रिय मंग्या,

पटकथेबद्दल सवडीने बोलू, आज फक्त बजेटचं. शूटिंगचे अठरा दिवस चहापाण्यासकट मांडलेस आणि पुढच्या सगळ्याला, म्हणजे पोस्ट-प्रॉडक्शनला, एकच ओळ: 'पोस्ट – बघू'. पहिले सिनेमे हार्ड डिस्कमध्ये कुजतात ते याच ओळीपायी. एडिट, साउंड, कलर, सबटायटल्स, डीसीपी (थिएटरात चालवायची डिजिटल प्रत), सेन्सॉर, प्रत्येकाची वेगळी ओळ कर. त्यासाठी एकूण रकमेचा तिसरा हिस्सा दुसऱ्या खात्यात टाक. जनरेटरवाला कितीही रडला तरी त्या पैशाला हात लावायचा नाही. सरकारी अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावरचं, तेही मिळालं तर. त्याच्या भरवशावर कर्ज काढू नकोस.

आता बैल. बैलजोडी सहा सीनमध्ये आहे. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधीच लागते. ऑफिस हरयाणात, बल्लभगडला. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आणि सीनमध्ये बैल नेमकं काय करणार, हे लिहून द्यावं लागतं. नंतर धावपळ करणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघणं. कागद नसेल तर सेन्सॉर सीन काढायला सांगू शकतं, आणि बैल काढले तर तुझ्या गोष्टीत उरतं काय?

घरातले सीन ट्यूबलाइटवर आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमवर. शटर १८० अंशांवर ठेवलंस तर जुन्या चोकची ट्यूब फडफडते. सेटवरच्या छोट्या मॉनिटरवर कळत नाही, मोठ्या पडद्यावर डोळ्यांत खुपतं. १७२.८ अंश ठेव, म्हणजे प्रत्येक फ्रेमला नेमका १/५० सेकंद उजेड मिळतो, विजेच्या लयीशी जुळणारा.

साउंडवाल्याशी हुज्जत घालू नकोस. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प उभं करून निदान अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करू दे. दोन वाक्यांमधली फट त्यानेच बुजते. घरघर नको म्हणून फ्रिज बंद केलास की गाडीची किल्ली आत ठेव. निघताना तो चालू करायची आठवण राहते, नाहीतर घरमालकाचं दूध नासतं आणि दुसऱ्या दिवशी लोकेशन जातं.

रफ कट झाला की एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळाच्या, नोव्हेंबरात गोव्याला भरणाऱ्या फिल्म बाजारात (आता 'वेव्हज फिल्म बाजार') वर्क-इन-प्रोग्रेस, म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या सिनेमांच्या विभागासाठी अर्ज टाक. तोवर कुठेही दाखवू नकोस. गावच्या महोत्सवातही नाही, यूट्यूबवर तर नाहीच. मोठे महोत्सव पहिला खेळ स्वतःकडेच मागतात. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१४च्या सप्टेंबरात व्हेनिसला दाखवला गेला, आपल्याकडे थिएटरात लागला तो एप्रिल २०१५मध्ये. एवढा धीर हवा, आणि तेवढ्या महिन्यांचं घरभाडंही बजेटमध्ये धर.

आधी बैलांच्या डॉक्टरला गाठ.

तुझा,
बाळ्या