बाई आधी शिक्षिका होत्या

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला, लहान मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅना फ्रॉइड यांच्यावरचा लेख वाचला. लेख चांगला, पण निम्मी जागा वडिलांनीच खाल्ली. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांची धाकटी लेक, एवढीच बाईंची ओळख नव्हे. व्हिएन्नात त्या आधी शाळेत शिकवत. डॉक्टरकीची पदवी त्यांनी कधी घेतलीच नाही. मी ३१ वर्षे बालवाडीत काढली, म्हणून मला याचे जरा जास्तच अप्रूप!

नाझींमुळे १९३८ मध्ये त्यांना लंडन गाठावे लागले. तिथे हॅम्पस्टेडला १९४१ पासून डोरोथी बर्लिंगहॅम यांच्यासोबत त्यांनी युद्धात घरापासून तुटलेल्या मुलांसाठी पाळणाघरे चालवली. सुरुवातीला सगळी मुले सगळ्या बायांची. मग चारेक मुलांमागे एक बाई, अशी ‘कुटुंबे’ केली. झाले, लगेच रडारड, हेवेदावे, ‘माझी बाई’ म्हणून ओढाताण! पण हळूहळू मुले निवळली, बोलण्यातही पुढे सरकली. मुलांच्या आयांना तर केव्हाही येऊन भेटायची मुभा होती.

आमच्याकडे नियम उलटा: आईने फाटकातूनच परतायचे. एका जूनमध्ये एक मुलगा आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी मुठीत घेऊन यायचा. ‘ती काढून घ्या,’ असा वरून निरोप आला. मी काही घेतली नाही. पोळा येईपर्यंत तो खिचडीसुद्धा एकाच हाताने खात होता.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, मिरज