घरकुलाआधी अंगणात फक्की टाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या समुद्रपूर तालुक्यात (जि. वर्धा) सध्या घरकुलांच्या मंजुऱ्या येताहेत. सोबत नकाशाही येतो: दोन खोल्या, वर स्लॅब, संपले. ज्याचे घर त्याला कोणी विचारत नाही, की बाबा, कापूस कुठे ठेवशील?

मी वास्तुरचनाकार आहे. विद्यार्थ्यांचा गट घेऊन नेपाळात, काठमांडू खोऱ्यातल्या खोकना गावी घरांच्या आराखड्यांची कार्यशाळा घेतली होती. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने या नेवार समाजाच्या वस्तीतली कितीतरी जुनी विटा-मातीची घरे पाडली. सरकारने घर बांधायला ३ लाख नेपाळी रुपये हप्त्यांनी दिले, नमुना आराखड्यांची पुस्तिकाही काढली. मजबुतीचा विचार तिच्यात नीट आहे. तरीही भूकंपग्रस्त भागात पुष्कळांनी अनुदानापुरती एक-दोन खोल्या उभ्या केल्या आणि संसार जुन्याच पडक्या घरात ठेवला.

परमुलखात सामान कमी तेवढे बरे, म्हणून प्रोजेक्टर नेलाच नाही. सुतळी, टेप, खडू. फक्की, म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड, तिथेच घेतली. हिंदीवर बरेच भागायचे, पण म्हाताऱ्या नेवारीच बोलत, त्यामुळे गावातली एक कॉलेजची मुलगी दुभाषी म्हणून धरली. कागदावरचे नकाशे दाखवले तर सगळे मान डोलवत. पाहुण्यांना नाही कोण म्हणणार? मग पटांगणात फक्कीने घर खऱ्या मापाचे आखले. एक आजी रेषा ओलांडून आत आली आणि दाराजवळ आखलेल्या चुलीपाशी थबकली. इथे नाही, वर! नेवारांच्या जुन्या घरात स्वयंपाक सगळ्यात वरच्या मजल्यावर असतो, देवही तिथेच. आमच्या पोरांनी पुसून जिना आखला, तर त्याने निम्मी खोली खाल्ली. तेवढ्यात सून म्हणाली, रोज पाणी वर कोण नेणार? दोघींची चांगलीच जुंपली. आम्ही मध्ये पडलो नाही. घर त्यांचे, भांडणही त्यांचे; ते पाया खोदण्याआधी झाले, एवढेच आमचे काम.

इकडे हे भांडण होतच नाही. भाव पडला की आमचा कापूस घरात येतो, खाटेखालून सुरू होऊन छताला टेकतो. अंगाला खाज सुटते, तरी लेकरे त्याच खोलीत निजतात. शिवाय कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, फवारणीचा पंप, औषधाचे डबे. किमान २५ चौरस मीटरच्या घरात हे कुठे मावायचे, याचे उत्तर नकाशात नसते, म्हणून बाई पुढे टिनाची छपरी काढते आणि मे महिन्यात स्लॅबखाली न झोपता त्या छपरीत झोपते.

केंद्राच्या घरकुल योजनेत (प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण) मैदानी भागासाठी १ लाख २० हजार रुपये आहेत. घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदार लावू नये, असे तिच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. नमुनेही अनेक द्यायचे असतात. मग गावात एकच नकाशा का फिरतो? एका अभियंत्याला विचारले तर म्हणाले, "मॅडम, सारखं घर असलं की तपासणी लवकर होते, फोटो लवकर चढतो." बांधकामाचा फोटो चढल्याशिवाय अनुदानाचा हप्ता सुटत नाही हे मान्य, पण राहायचे फोटोत नाही ना!

माझी मागणी खर्चाची नाही. पायाची आखणी करण्याआधी एक दुपार द्यावी. कबड्डीचे मैदान आखायला शाळेत फक्की असतेच. ती घेऊन जागेवर घर खऱ्या मापाचे आखावे, बांधणारा गवंडी हजर असावा आणि घरच्या बाईला आधी आत फिरू द्यावे. खाट, कोठी, चूल, कापसाचा कोपरा तिने दाखवावा, मगच कुदळ मारावी. नागपूरच्या वास्तुकला महाविद्यालयांतली मुले अभ्यासदौऱ्यावर लांबलांब जातात. त्यांना या कामाला लावता येईल. आमच्या पंचायत समितीने एका गावापासून सुरुवात केली तर टेप धरायला मी येईन.

– एक वास्तुरचनाकार, ता. समुद्रपूर, जि. वर्धा