ग्रंथालयाचं ॲप नको, हलकं पान द्या

संपादक महोदय,

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचं स्वतंत्र ॲप असावं, अशी मागणी हल्ली सहज केली जाते. त्यावर खर्च करण्याआधी थोडं मागे पाहावं. पंचवीसेक वर्षांपूर्वी परदेशी विद्यापीठांनी पाम आणि पॉकेट पीसी या हातात मावणाऱ्या यंत्रांवर ग्रंथालय उघडण्याची खटपट केली होती. ती जिथे अडली, तिथेच आपले फोन आजही अडतात.

पामचं पहिलं यंत्र म्हणजे १९९६ चा पायलट. त्याचा पडदा १६० बाय १६० बिंदूंचा, स्वस्त मॉडेलची मेमरी १२८ केबी, वीज दोन ट्रिपल-ए सेलची. इंटरनेट नव्हतंच. यंत्र क्रेडलमध्ये, म्हणजे संगणकाला जोडलेल्या बैठकीत, ठेवून बटण दाबलं की सिरीयल केबलमधून संगणकाशी मेळ बसायचा. पुढे ॲव्हांटगो या सेवेमुळे त्याच वेळी वेबपानंही उतरवता येऊ लागली. ग्रंथालयाच्या वेळा, नवीन पुस्तकांची यादी, एवढं त्यात छान बसे. मात्र दुवे किती पातळ्या खोल उतरवायचे, हे आधी ठरवावं लागे. मुख्य पान दुव्यांनी गच्च भरलेलं असलं आणि दोन पातळ्या मागितल्या, की मेमरी तिथेच संपायची. शिवाय पुस्तक आत आहे की देवघेवीत गेलंय, हे सकाळी उतरवलेलं पान दुपारी सांगू शकत नाही.

सगळ्यांत शहाणी युक्ती १९९९ च्या पाम सेव्हनमध्ये होती. बिनतारी जोडणी मंद आणि महाग, म्हणून शोधाचा कोरा अर्ज यंत्रातच ठेवलेला असे. हवेतून जायचे ते फक्त टाइप केलेले शब्द, परत यायचं ते फक्त उत्तर. याला वेब क्लिपिंग म्हणत. ग्रंथसूचीला याहून जास्त लागतंच काय? शीर्षक, लेखक, वर्गांक, प्रत उपलब्ध आहे की नाही. मराठीत लिहूनही हे एका केबीच्या आत बसतं. गोंदियाहून पुस्तकासाठी नागपूरला निघालेल्या विद्यार्थ्याला गाडीत बसण्याआधी एवढंच कळायला हवं असतं.

मोठ्या रंगीत पडद्याच्या पॉकेट पीसीवर दुसऱ्या अडचणी आल्या. उतरवलेलं सगळं रॅममध्ये असल्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली की लेख पुसले जात. विंडोज मोबाइल ५ या पुढच्या कार्यप्रणालीनं २००५ मध्ये हा प्रश्न सोडवला. पण सूचीच्या पानांचा दोष यंत्राचा नव्हता. रुंद तक्ते आणि फ्रेम लहान पडद्यावर मावत नसत. वेबपत्त्यातच घुसवलेल्या सत्र क्रमांकामुळे, म्हणजे त्या भेटीपुरत्या तात्पुरत्या आकड्यामुळे, जतन केलेला दुवा थोड्या वेळानं ‘सत्र संपले’ म्हणून दार लावून घेई. हा शेवटचा दोष आपल्याकडच्या काही सूचींत अजून आहे. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीला कायमचा पत्ता हवा. कोहा या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त संगणकप्रणालीत तो मिळतो, आणि तिची आजची सूची फोनच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेते. त्यासाठी वेगळं ॲप लागत नाही. ॲप म्हणजे बहुतेकदा त्याच जड पानाला चढवलेला कोट असतो.

नियतकालिकांचा घोळ वेगळा. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे १ जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली. आवारात असताना प्रकाशक सहसा विद्यार्थ्याला ओळखत नाही, संस्थेच्या आयपी पत्त्याला, म्हणजे तिच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाला, ओळखतो. वाय-फाय क्षीण झालं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, पत्ता बदलतो आणि पुढचा लेख डॉलरमध्ये पैसे मागू लागतो. लेख उघडण्याआधी मोबाइल डेटा बंद करा, ही ओळ वाचनकक्षाच्या भिंतीवर लावायला काहीच खर्च नाही. घरून वाचायचं असेल तर आधी संस्थेचं लॉगिन, मग तिथूनच प्रकाशकाचं संकेतस्थळ, हा क्रम पाळावा. मित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दुव्यावर थेट बोट ठेवलं तर ओळख पटत नाही. एखाद्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये दुवा उघडला, तरी मुख्य ब्राउझरमधलं लॉगिन तिथे पोहोचत नाही.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. युनिकोड ही सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरसंकेत पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये भरलेल्या जुन्या नोंदी फोनवरून सापडणारच नाहीत, त्या रूपांतरित कराव्या लागतील. युनिकोडमध्येही ‘ॲ’ हे अक्षर एकाच संकेतानं टाइप केलंय की ‘अ’वर चंद्र देऊन दोन संकेतांनी, हे डोळ्यांना दिसत नाही, शोधाला मात्र दिसतं. ‘ऱ्या’चंही तसंच. नोंदी एकसारख्या करून घ्याव्यात, आणि कोहा झेब्रा या शोधयंत्रणेसह वापरत असाल तर तिच्यात आयसीयू ही युनिकोड नीट हाताळणारी अनुक्रमणी चालू करावी. नाहीतर पुस्तक कपाटात असूनही सूची शून्य दाखवते.

शेवटी तपासणी. ती संगणक कक्षात करू नये. साधा, जुना फोन घ्यावा, नेटवर्क टूजीवर ठेवावं आणि एका मराठी शीर्षकाचा शोध टाकावा. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर पानावरचे फिरते फलक, चित्रं आणि संस्थाचालकांचे फोटो हटवून पुन्हा पाहावं. फोटो हटवायला सांगणार कोण, हे त्या त्या महाविद्यालयानं ठरवावं.

– एक ग्रंथपाल, धरमपेठ, नागपूर